जिगरवाले डाक्टर

आमच्या दवाखान्यात कुणी कशानंही आजारी होऊन येवो, त्याला आधी बाकड्यावर उताणं झोपावं लागे. पायात काटा मोडलेला असो, कानात किडा गेलेला असो, दाढ ठणकत असो. डाक्टरसाहेब त्याचा सदरा वर सारत, उजव्या बरगडीखाली बोटं टेकवत आणि म्हणत, "लंबी सांस घ्या." मग डावा पंजा पोटावर पालथा ठेवून उजव्या हाताच्या बोटानं त्यावर टकटक करत वरून खाली येत. डोळे मिटलेले, मान एका बाजूला कललेली. सगळं मनासारखं लागलं की डोळे उघडून हसत. "जिगर ठीक है. हां, आता सांगा, काटा कुठं हाय?"

विंचू चावलेल्याला तेवढी सवलत होती. त्याला औषध आधी आणि बरगडी मागाहून.

निजामाच्या राज्यातली ही गोष्ट. तीर्थपुरीच्या दवाखान्यात मी कंपौंडर होतो. घर शेतकऱ्याचं, पण जालन्याला राहून उर्दू शिकलो होतो, म्हणून ही नोकरी मिळाली. डाक्टरसाहेब खास हैदराबादचे. उंच, काटकुळे, चष्म्याची एक काडी मोडलेली म्हणून तिथं दोरा बांधलेला. मराठी ते आमच्या गावात येऊन, रोग्यांकडूनच शिकले, त्यामुळं त्यांची मराठी म्हणजे निम्मी दखनी उर्दू आणि निम्मी कण्हण्याची. 'आई गं', 'लई दुखून राह्यलं', 'कळ मारती' हे शब्द त्यांना सगळ्यात आधी आले.

जिगर म्हणजे आपलं यकृत. त्या एका अवयवावर या माणसाचा इतका जीव की बाकीचं शरीर त्यांना त्याच्याभोवती बांधलेल्या कुडासारखं वाटत असावं. हृदयाबद्दल तर त्यांच्या मनात थोडी असूयाच होती. "तो काय, पाणी ओढणारा बैल," ते म्हणत. "खालून वर, वरून खाली. नाव त्याचं, गाणी त्याची. आणि काम कोण करतं?"

आपण मराठीत काळीज म्हणतो, याचं त्यांना फार कौतुक होतं. भीती वाटली तर काळीज धडधडतं, वाईट वाटलं तर काळीज तुटतं, आणि खाटकाकडं काळीज मागितलं की तो पुडीत यकृत बांधून देतो. "तुमची जबान बराबर हाय," ते म्हणायचे. "जिगरचा मान ठेवते. फक्त हात ठेवताना तुम्ही लोक पत्ता चुकता." एकदा देवळात कीर्तन चाललं होतं. डाक्टरसाहेब मागं खांबाला टेकून ऐकत होते, त्यांना कीर्तन आवडे. बुवांनी रंगात येऊन डाव्या छातीवर हात मारला आणि म्हणाले, "आईचं काळीज हो ते!" मागून आवाज आला, "महाराज, उजवीकडं! थोडं खाली!" सगळा मंडप हसला. बुवाही हसले. पुढं डाक्टरसाहेब कीर्तनाला बसलेले दिसले की बुवा काळजाचा शब्द आला रे आला, हात मुकाट्यानं उजवीकडं नेत.

बाजारच्या दिवशी दवाखान्यातली गर्दी ओसरली की साहेब थेट खाटकाच्या पालावर जात. विकत काही घ्यायचं नसे. खाटकाला ते ठाऊक होतं. तो एक अख्खं काळीज, खालच्या हिरव्या पिशवीसकट, त्यांच्यासाठी बाजूला ठेवी. साहेब ते तळहातावर घेत, बाळ घेतात तसं, आणि भोवती जमलेल्या माणसांना सांगू लागत.

"हे पाहा. तुम्ही भाकर खाता, मिरची खाता, गूळ खाता. ते आतड्यातून सरळ अंगात जातं का? न्हाई. सगळा माल आधी इथं येतो. करोडगिरीच्या नाक्यावर जकातीला गाडी थांबते ना, तसा. इथं गठुडं सोडून पाहतात. चांगलं काय, जहर काय. जहर असेल तर त्याचा दात पाडतात, मंग सोडतात. साखर जास्त झाली तर ठेवून घेतात."

"आन् हप्ता?" कुणीतरी विचारी, कारण नाक्यावरच्या लोकांचा अनुभव सगळ्यांना होता.

"एक छदाम न्हाई!" साहेब काळीज उंच धरून सांगत. "पूर्ण रियासतीत एवढाच एक नाका इमानदार हाय."

मग पित्ताचा खेळ होई. काचेच्या पेल्यात पाणी, वर करडईचं तेल. तेलाचा तवंग सगळ्यांना दाखवायचा. मग त्या हिरव्या पिशवीतलं पित्त थोडं पिळायचं आणि कडुलिंबाच्या काडीनं ढवळायचं. तवंग फुटून पाणी दुधासारखं गढूळ व्हायचं. "तेल गेलं का? गेलं न्हाई, बारीक झालं. आता आतड्याला ते घेता येतं. हे पित्त कोण बनवतं? जिगर." एका म्हातारीनं हे पाहून विचारलं, "मंग डाक्टर, यानं तेलाची भांडी निघतील का?" साहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी त्या म्हातारीला वाकून सलाम केला. "हौ आई! बिलकुल निघतील! सगळ्यांत तुम्हालाच समजलं!"

रागवायचं त्यांना जमत नसे. गावात एक गवंडी होता, हात सोन्याचा, पण संध्याकाळ झाली की पिऊन पडलेला. त्याची बायको त्याला ओढत घेऊन आली. साहेबांनी तपासलं, आणि मग त्या गवंड्याचाच हात धरून त्याच्या बरगडीखाली दाबला.

"लागतं काही?"

"लागतंय. टणक काठ हाय."

"ते तुझं जिगर. ते खरं तर बरगडीच्या आत बसतं, बाहेर दिसत न्हाई. घरातलं माणूस दारात येऊन कधी उभं राहतं?"

गवंड्यानं बायकोकडं पाहिलं. बायको म्हणाली, "घरात तरास झाला की."

"बराबर. ते दारात येऊन उभं हाय. अजून घर सोडून गेलं न्हाई. तू पिणं सोड, ते आत जाईल. याच्यासारखं माफ करणारं अंगात दुसरं कोणी न्हाई. तुकडा गेला तर पुन्हा वाढतं. लई वेळा माफ करतं. मंग एक दिवस करत न्हाई, आणि तो दिवस आधी सांगत न्हाई."

गवंड्यानं खरंच सोडली. महिन्या-दोन महिन्यांनी येऊन तो बाकड्यावर झोपे आणि साहेब टकटक करत. एक दिवस काठ बोटांना लागेनासा झाला, तेव्हा साहेबांनी मला पेढे आणायला पिटाळलं. रोग्यांना वाटलं, साहेबांच्या घरी पाळणा हलला. "किसको हुआ?" असं कुणी विचारलं तर साहेब म्हणत, "गवंड्याचं जिगर घरी गेलं!"

हे सगळं मी हसत पाहत होतो. माझ्या घरावर वेळ आली तेव्हा मात्र हसू पळालं.

माझी बायको पहिल्यांदाच गरोदर होती. सातवा महिना लागला आणि ती दिवसेंदिवस फिकट होत चालली. आधी वाटलं, डोहाळ्यांचा अशक्तपणा. मग तिला पाण्याची घागर उचलवेना, पुढं तर उंबरा ओलांडतानाही धाप लागू लागली. पाय सुजले. जीभ लालभडक आणि गुळगुळीत झाली, मिठाचा खडासुद्धा झोंबे. तोंडावर लिंबाच्या सालीसारखी पिवळट कळा आली. साहेबांनी लोहाचं औषध दिलं. मीच ते रोज कालवून घरी नेत होतो. काही उपयोग झाला नाही.

एके दिवशी साहेब घरी आले, तिला तपासलं, आणि मला घेऊन निघाले. दवाखान्यात आल्यावर त्यांनी टपालानं येणारं डाक्टरी मासिक उघडून माझ्यापुढं ठेवलं.

"विलायतेत असे रोगी मरून राह्यले होते. आता तिथले डाक्टर त्यांना जनावराचं जिगर खायला देऊन राह्यले. माणसं उठून बसली. रक्त बनायला जे लागतं ते जिगर आपल्या कोठारात ठेवतं. हिचं कोठार रिकामं झालं. पोटातलं लेकरू पण त्यातूनच घेतं. आता दुसऱ्याच्या कोठारातून आणावं लागेल."

"म्हणजे बकऱ्याचं काळीज?"

"हौ. रोज. जास्त शिजवायचं न्हाई."

आमचं घर माळकरी. आईच्या गळ्यात तुळशीची माळ, आणि आमच्या चुलीवर कधी अंडंसुद्धा चढलं नव्हतं. वडील वारल्यावर त्या माळेच्या आधारावर तिनं मला वाढवलं होतं.

खाटकाच्या कानावर हे गेलं तेव्हा तो दवाखान्यात आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, रस काढून शिशीत घाला ना. वर लाल रंग टाका, पुदिन्याचा अर्क टाका. म्हातारीला काय कळतंय?"

साहेबांनी चष्मा काढला. "आज एका घरात खोटी शिशी गेली, तर उद्या या गावात माझ्या खऱ्या शिशीला कोण तोंड लावील? आणि ती बाई रोज माझ्या भरवशावर औषध देऊन राह्यली सुनेला. न्हाई. मी जाऊन सांगतो."

ते आमच्या ओट्यावर येऊन बसले. आई दारात बसली. साहेबांनी सगळं सांगितलं, नाका, कोठार, रक्त, सगळं. आईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"डाक्टर, मला एक सांगा. रोज लागणार म्हणता. मंग रोज एक मुकं जनावर आमच्या नावावर जाणार ना?"

साहेब म्हणाले, "ते बाजारात असंही कटतं. पण तुम्हाला तसं सांगून मी सुटणार न्हाई. जाणार, आई."

"आन् खाल्लं तर सून वाचंल?"

"वाचेल असं लिहून देत न्हाई. मला दुसरी वाट दिसून राह्यली न्हाई, एवढंच सांगतो."

मला वाटतं, या दोन उत्तरांनीच आईचं मन वळलं. बाकीचं सगळं तिनं कदाचित ऐकलंही नसेल.

आतून बायकोचा आवाज आला. बोलतानाही तिला दम लागत होता. "आत्याबाई, मी खाते. पाप लागलं तर माझं मला लागू द्या. लेकराला काय माहीत माळ."

आई उठून आत गेली. तिच्या उशाशी बसली. मी दारात उभा होतो.

"तुझ्या गळ्यात अजून माळ न्हाई," आई म्हणाली. "म्हणून तुझं काही मोडत न्हाई. माझ्या गळ्यात हाय आन् मी तुला खा म्हणून राह्यले. मंग जे काय हाय ते माझ्याकडं. तू फकस्त खायचं आन् पोटात ठिवायचं." आणि बाहेर बघून जोरात म्हणाली, "डाक्टर, माझ्या चुलीवर न्हाई शिजणार. तेवढं बघा."

दवाखान्याच्या मागंच साहेबांचं घर होतं. त्यांच्या बेगमनं हे काम आनंदानं घेतलं. आई आणि मी बायकोला दोन्हीकडून धरून तिथं नेत असू. बेगम पडद्यात राहत, म्हणून मी समोरच्या पडवीत बसे. आई अंगणात कडुलिंबाखाली, घराकडं पाठ करून, माळ ओढत बसे. आत काय घडलं ते बायकोनं मला सांगितलं, आणि पुढं जन्मभर सांगत राहिली.

पहिल्या दिवशी बेगमनं काळजाचे तुकडे नुसते वाफेवर धरून, वर मीठ-लिंबू घालून ताटलीत ठेवले. बायकोनं एक उचलला आणि तिला उमळून आलं. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तिला संकोच नको म्हणून साहेब आतल्याच एका पडद्याआड बसले होते; तिथून म्हणत होते, "बेटी, डोळे मिटून घे, पटकन गिळ." तेव्हा बेगम हसून म्हणाल्या, "तुम काइकू सिखा रहे? तुम्ही कधी खाल्लं का?"

तेव्हा उघड झालं की साहेबांनी जन्मात कलेजी चाखली नव्हती. बेगमच्या हातची कलेजी त्यांच्या माहेरी प्रसिद्ध, पण लग्नानंतर या घरात ती एकदाही झाली नव्हती. साहेब म्हणायचे, "ज्याची मी इतकी इज्जत करतो, त्याला खाऊ कसा?"

मग साहेब म्हणाले, "ताटली इकडं करा." पडद्याखालून ताटली गेली. बायकोला पडद्यातून सावली दिसत होती. साहेबांनी एक तुकडा घेतला, तोंडात घातला, आणि त्यांची मान अशी काही हलली की बेगम तोंडात पदर कोंबून हसू लागल्या. हसता हसता बायकोलाही हसू फुटलं, आणि त्या हसण्यात तिनं तुकडा कधी गिळला ते तिचं तिलाच कळलं नाही. पुढं रोज ठरूनच गेलं. एक तुकडा साहेबांनी खायचा, मग बाकी तिनं. साहेब खाताना दर वेळी पुटपुटत, "माफ करना भाई." कुणाला, ते विचारायची गरज नव्हती.

आठवडा उलटला असेल. सकाळी बायकोनं आईला विचारलं, "आत्याबाई, ठेचा हाय का?" आईनं माझ्याकडं पाहिलं, मी आईकडं. ज्या जिभेला मीठ सोसत नव्हतं ती ठेचा मागत होती. साहेबांना सांगायला मी पळत गेलो, तर ते ऐकून आधी खुर्चीवर बसले आणि मग उठून त्यांनी मला मिठी मारली. हळूहळू तिच्या ओठांवर रंग चढला. पायांची सूज उतरली. एक दिवस ती कुणाचाही हात न धरता चालत गेली, आणि आई मागून म्हणाली, "सावकाश गं, पळू नको."

मुलगी झाली. चांगली ठणठणीत, गावभर ऐकू जाईल अशी रडणारी. साहेबांनी तिला हातात घेतलं आणि पहिलं काम कोणतं केलं हे सांगायला नको. तिच्या एवढ्याशा बरगडीखाली एक बोट टेकवून ते म्हणाले, "माशाल्ला! लेकरांचं जिगर मोठं असतं, अर्धं पोट तेच." मग गंभीरपणे त्यांनी नाव सुचवलं, यकृता.

"डाक्टर," आई म्हणाली, "पोरीचं लगीन व्हायचंय अजून."

नाव आईनं आपल्या मनासारखं ठेवलं. पण साहेब बदली होऊन तेलंगणाकडं जाईपर्यंत तिला यकृताच म्हणत, आणि ती ओ देत असे.

बारसं झाल्यावर आईनं न बोलता एक सुरू केलं. दिवसभर उपाशी राहायचं, दिवेलागणीला गुळाचा खडा तोंडात टाकून मगच जेवायचं. किती दिवस, ते तिनं सांगितलं नाही. कशासाठी, हेही सांगितलं नाही, पण आम्हाला कळत होतं. बायको रडून म्हणाली, "माझ्यापायी कशाला?" आई म्हणाली, "तुझ्यापायी न्हाई. त्या मुक्या जिवांचं कायतरी द्यायला लागतंच." मी साहेबांच्या कानावर घातलं. म्हातारं माणूस, चक्कर येऊन पडायचं.

साहेब संध्याकाळी आले. ते रमजानचे दिवस होते, त्यांचाही रोजा. ओठ सुकलेले, पण बोलण्यात खळ नाही. ओट्यावर बसले. आई नातीला मांडीवर घेऊन शेजारीच दिवेलागणीची वाट बघत होती.

"मला उपास सोड म्हणायला आले असाल तर बोलू नका," आई म्हणाली.

"न्हाई. मी पण उपाशी, कोणत्या तोंडानं बोलू? मी फक्त एक सांगायला आलो. तुम्ही सकाळपासून जेवला न्हाई, तरी हात हलून राह्यला, नातीला खेळवून राह्यला. ही ताकद कुठून येऊन राह्यली?"

"पांडुरंग देतो."

"बिलकुल. पण देतो कोणाच्या हातून? जिगरच्या. काल जे खाल्लं त्यातली साखर त्यानं बाजूला ठेवली होती. आज पोटात काही आलं न्हाई, म्हणून ते ठेवणीतलं थोडं थोडं रक्तात सोडून राह्यलं. दुपारी सोडलं, आत्ता पण सोडून राह्यलं. डोक्याला द्यायचं, हाताला द्यायचं."

आई ऐकत होती. तिनं हळूच स्वतःच्या उजव्या बरगडीवर हात ठेवला.

"आन् तुमच्यात?"

"माझ्यात पण तेच."

"म्हंजी आत्ता या घडीला दोघांत एकच काम चालू हाय?"

"एकच, आई. बराबर एकच."

मशिदीकडून अजान आली. आमच्या घरातही बायकोनं दिवा लावला. साहेबांनी शेरवानीच्या खिशात हात घातला. एक खिसा पाहिला, दुसरा पाहिला. खजूर दवाखान्यातच राहिला होता. तरी त्यांचं बोलणं चालूच होतं, की ठेवणीतलं संपत आलं की जिगर कसं दुसऱ्या गोष्टींपासून साखर बनवू लागतं, आणि ती हिकमत तर याहून मोठी आहे.

आईनं मूठ उघडली. गुळाचा खडा ओट्याच्या कडेवर ठेचून त्याचे दोन तुकडे केले आणि मोठा त्यांच्यापुढं धरला.

"बोलायचं मंग. आधी त्याला खायला घाला."

साहेबांनी गूळ घेतला, ओठ हलवून दुआ म्हटली आणि खडा तोंडात टाकला. आईनंही टाकला. मी पाणी आणायला आत गेलो. परत आलो तेव्हा ते दोघं शेजारी शेजारी, समोर बघत, गूळ चघळत बसले होते, आणि साहेब चक्क गप्प होते.